शून्य नमुने

हॉल्टरमान बाई विचारतात, मी लाओत सांगते.
विलायफोन बोलते, मी इंग्रजीत सांगते.
मधे जे सांडतं
त्याला तक्त्यात रकाना नाही.

सावन्नाखेतहून निघालो तेव्हा अंधार होता.
गाडीत पाण्याच्या बाटल्या, कोऱ्या प्रश्नावल्या,
आणि तीन देशांनी, एका बँकेने
सहा वर्षं दिलेल्या पैशाची साडेतीनशे पानं.
बदकांकडून माणसांत येणारा, मग जगभर जाणारा
तो ताप:
त्याच्यासाठी इथली पूर्वतयारी
किती झाली, हे आम्ही दोन दिवसांत मोजणार.

'पूर्वतयारी'पाशी मी दर वेळी अडखळते.
लग्नाची तयारी असते. पुराची असते,
होड्या उलट्या करून डांबर लावायचं.
न आलेल्या पाहुण्याची कशी सांगू?
मी म्हणते, "तो आला तर काय कराल?"
विलायफोन दाराकडे बघते. "तो कोण?"

आरोग्य केंद्राच्या कोठीत पांढरे पोशाख, डोक्यापासून पायापर्यंत,
आले दोनशे चाळीस, उरले दोनशे बारा.
अठ्ठावीस कुठे गेले?
नर्स दालावोन किल्ल्यांचा जुडगा चाळवत राहते.
मग सांगते, पुराच्या साली पोरं गारठली होती,
रात्रभर छपरावर.
बाई लिहितात: अन्य वापर.

फ्रीज चालू आहे. आत दिवा लागतो.
नमुने ठेवायच्या नळ्या, सगळ्या रिकाम्या.
चार वर्षांत शून्य.
हे यश, की झोप?
आजार आलाच नाही म्हणून शून्य,
की बदक मान टाकायला लागलं
की संध्याकाळी त्याचं कालवण, म्हणून शून्य?
शून्य दोन्हीकडून सारखंच गोल दिसतं.
हॉल्टरमान बाई पेन दातांत धरतात.
पहिल्यांदाच मला त्या आवडतात.

विलायफोनची त्रेसष्ट बदकं पुरली गेली होती,
चुन्याचा थर, वर माती.
भरपाई आली चौदा महिन्यांनी, निम्मी.
प्रश्न चौतीस: पुन्हा असं झालं तर कळवाल का?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे नक्की.
ती हसते. भाताची बांबूची डबी पुढे सरकवते.
"आकड्यात कसं सांगू?
सरकारला नाही कळवणार.
खामफुईकाकांना करीन फोन."

भिंतीवर जुनं चित्र: खोकणारं बदक, खाली नंबर.
शेवटचे दोन आकडे वाळवीने खाल्लेत.
तिला तोंडपाठ.

खामफुईकाका निवृत्त झाले,
प्रकल्पही त्याच महिन्यात बंद पडला.
फोन परत घेतला, सिमकार्ड मागायचं राहिलं.
तेव्हापासून भोपळे विकून
दर महिन्याला त्यात पैसे भरतात.
एक वही आहे, शाळकरी, दोरी बांधलेली:
कोंबडी शिंकते. गेलो. धूळ होती.
तीन बदकं मेली. गेलो. कुत्रा होता.
एक कोंबडा गप्प. गेलो. म्हातारा झालाय.

"याचे तुम्हाला कोण देतं?"
मी भाषांतर करायच्या आतच त्यांना कळलं.
"नंबर भिंतीवर आहे ना अजून," ते म्हणाले,
"कुणी लावला तर?"

बाईंच्या कागदावर ओळ होती:
निधी संपल्यानंतर काम टिकले का? होय किंवा नाही.
पेन बराच वेळ वर राहिलं.
कुठे टेकलं ते मी पाहिलं नाही,
वहीतली ती धूळ पुन्हा वाचत होते.

रात्री गेस्टहाउसमध्ये डास, जनरेटर,
पलीकडे बाईंच्या खोलीत टाइपिंगचा आवाज.
का कोण जाणे, मी तो नंबर लावला.
दोनदा वाजला.
"बोला," झोपेतला आवाज, आणि लगेच जागा,
"किती मेली?"

"एकही नाही," मी म्हटलं.
"बरं."
मग पानं उलटल्यासारखं काही,
आणि बराच वेळ
त्यांनीही फोन ठेवला नाही.